कपाशीचं औषध कोंबडीला कशाला?

आमच्या सिंदीत (रेल्वे) घरामागे पाच-सहा कोंबड्या पाळणं हा धंदा नाही, सवय आहे. अंडी घरात लागतात, उरली तर शेजारी जातात. आमच्या घरच्या कोंबड्या अम्मीच्या. गेल्या पावसाळ्यानंतर त्या रात्री खुराड्यात जायला तयार होईनात. अंडी कमी झाली, तुरे फिके पडले. अम्मीच्या हातालाही खाज सुटू लागली. एका रात्री टॉर्च घेऊन पाहिलं, तर फळ्यांच्या फटींतून मोहरीहून बारीक लाल किडे निघत होते. जनावरांचे डॉक्टर त्यांना माइट म्हणतात.

अम्मीने बाजारातल्या एका दुकानात विचारलं. दुकानदाराने डब्यातलं औषध पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून दिलं. "चाची, यानं कपाशीवरची कीड मरते, हे किडे काय टिकतात!" बाटलीवर नाव नाही, प्रमाण नाही. अंडी किती दिवस खायची नाहीत, हे ना त्याने सांगितलं, ना आम्ही विचारलं. अम्मीने उघड्या हातांनी ते पंखांत चोळलं. सकाळपर्यंत दोन कोंबड्या मेल्या. उरलेल्या अंडी देत राहिल्या. ती अंडी आम्ही चार दिवस खाल्ली आणि शेजारच्या बाळंतिणीलाही दिली. कुणाला काही झालं नाही, अल्लाहचे आभार. पण त्या बाटलीत काय होतं, हे मला आजही माहीत नाही.

यात काय एवढं, असं वाटत असेल तर २०१७ साल आठवा. त्या वर्षी युरोपात अंड्यांचा मोठा घोटाळा उघड झाला. नेदरलँड्समधल्या एका कंपनीने माइट मारण्यासाठी पोल्ट्री फार्मांत फवारलेल्या, वनस्पतीजन्य म्हणवल्या जाणाऱ्या औषधात फिप्रोनिल मिसळलेलं होतं. खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांवर ते वापरायला तिथे परवानगी नाही. ते चरबीत विरघळतं, म्हणून अंड्याच्या बलकात उतरतं. लाखो अंडी नष्ट करावी लागली, फार्म बंद पडले. पुढे २०२१ मध्ये कंपनीच्या दोन मालकांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. हेच फिप्रोनिल आपल्याकडे कपाशीवरच्या फुलकिड्यांसाठी कृषी केंद्रात मिळतं.

आणि त्याच २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तिकडे अंड्यातल्या विषाचे कण मोजले गेले. इकडे माणसं मेल्यावर चौकशी बसली. परसातल्या अंड्यात काय उतरतं, हे मात्र कुणीच मोजत नाही.

"आमचे वडील गमॅक्सीन टाकायचे, काही झालं नाही," असं सांगणारे भेटतात. त्या गमॅक्सीनवर, म्हणजे बीएचसीवर, भारतात १९९७ पासून बंदी आहे. ते शरीरातल्या चरबीत साठून राहतं, लगेच दिसत नाही. 'काही झालं नाही' याचा अर्थ अनेकदा 'कुणी तपासलं नाही' एवढाच असतो.

कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल. ही खूण आणि वापराची माहिती डब्यावर असणं कायद्याने बंधनकारक आहे. औषध सुटं ओतून दिलं की त्रिकोण दुकानातच राहतो आणि विष तेवढं घरी येतं. हा कायदा १९६८ चा आहे. सुटं विकणाऱ्याला तो माहीत नाही, यावर माझा विश्वास नाही. सरकारही परसातल्या कुक्कुटपालनासाठी बायकांना पिल्लं वाटतं. पिल्लांसोबत चार ओळींची चिठ्ठी द्यायला काय हरकत आहे?

माझा राग औषधांवर नाही. कोंबड्यांसाठीच बनवलेलं औषध डॉक्टरांनी प्रमाण आणि अंडी टाळायचे दिवस सांगून दिलं, तर जरूर वापरा. पण आधी कीड ओळखा. हे लाल माइट दिवसा फटींत लपतात आणि रात्री येऊन रक्त पितात. मग भरदिवसा कोंबडीला विष चोळून काय साधणार? खुराडं रिकामं करा, खालचा कचरा जाळा, फटींत उकळतं पाणी ओता, वाळल्यावर फटी बुजवा, चुना मारा. उन्हाळी हवेत आठवड्यात नवी पिढी तयार होते, म्हणून आठवड्याने पुन्हा हेच करा. कोंबड्यांना लोळायला कोरडी माती आणि राख ठेवा. काही माइट मात्र कोंबडीच्या अंगावरच राहतात, त्यासाठी जनावरांचा दवाखाना गाठा. घरगुती म्हणून तंबाखूचं पाणी किंवा रॉकेल चोळू नका, तेही विषच आहे.

कोंबडी कुणी कापली, बिस्मिल्लाह म्हटलं का, हे आपण बारकाईने विचारतो. विचारायलाच हवं. पण कुरआनात खाण्याबद्दल हलालच्या जोडीला तय्यब हाही शब्द येतो, म्हणजे स्वच्छ, चांगलं. मग तिच्या पंखांत काय चोळलं होतं, हे का विचारत नाही?

अम्मीने खुराड्याला चुना मारला आहे. ती बाटली मी ठेवून दिली आहे. पुढच्या वेळी त्या दुकानात गेलो की काउंटरवर ठेवून एवढंच विचारणार आहे: यात काय होतं?