लक्षण एक, आजार अनेक

एकोणीस वर्षांचा मुलगा कॉलेज सोडून खोलीचे दार लावून बसू लागतो. शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत, अशी त्याची खात्री असते. जवळ कोणी नसताना त्याला आवाज ऐकू येतात. घरात कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते वेड लागले. पुष्कळदा शिक्षित नातलग लगेच ‘स्किझोफ्रेनिया’ असे नाव देऊन मोकळे होतात. हा निष्कर्षही तितकाच घाईचा असतो.

भास आणि भ्रम ही लक्षणे आहेत. ती अनेक आजारांत दिसतात. छिन्नमनस्कता निश्चित करणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही. तपासण्या होतात त्या इतर कारणे वगळण्यासाठी. गांजा वा मद्य, अपस्मार, थायरॉइडचे विकार, मेंदूचा दाह यांतूनही असे चित्र उभे राहते. क्वचित बी-१२ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरताही कारण ठरते; शाकाहारी कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

पुढचा निकष काळाचा. लक्षणे महिन्याच्या आत पूर्ण ओसरली, तर तो अल्पकालीन मनोविकार ठरतो. अमेरिकन निकषांनुसार छिन्नमनस्कता म्हणण्यास आजाराच्या खुणा किमान सहा महिने असाव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ठळक लक्षणांचा एक महिना पुरेसा असतो.

तिसरा निकष मनःस्थितीचा. भास-भ्रम केवळ उन्मादाच्या किंवा तीव्र नैराश्याच्या काळातच येत असतील, तर मूळ आजार भावनांचा असतो. मनःस्थिती स्थिर असतानाही ते दोन आठवडे वा अधिक टिकत असतील आणि एरवी भावनांचा विकारही ठळक असेल, तर स्किझोअफेक्टिव्ह विकाराचा विचार होतो. एखादाच भ्रम पक्का आणि बाकीचे वर्तन सुसंगत असेल, तर तो भ्रमविकार असू शकतो.

हा भेद शाब्दिक नाही. द्विध्रुवी विकाराच्या रुग्णास केवळ नैराश्याचे औषध दिल्यास उन्माद उफाळण्याचा धोका असतो. औषध किती काळ घ्यावे, हेही निदानावर अवलंबून असते.

श्रद्धेच्या बाबतीतही तारतम्य हवे. समाजात रूढ असलेले मौन, उपवास किंवा धार्मिक विश्वास हे आजाराचे लक्षण नव्हे. मात्र व्रताची मुदत संपल्यावरही मुलगा बोलत नसेल, अन्नात विष असल्याच्या भयाने जेवत नसेल, तर त्यास तप म्हणून गौरवू नये.

म्हणूनच निदानात कुटुंबाची साक्ष मोलाची ठरते. बदल केव्हा सुरू झाला, झोप कशी होती, व्यसन होते काय, पूर्वी असे घडले होते काय, हे लिहून न्यावे. विवाह जमणार नाही या धास्तीने एखादी गोष्ट दडविल्यास निदान चुकते, आणि त्याची किंमत मुलगा भरतो. आजाराचे नाव ठरण्यास महिने लागले, तरी उपचार त्यासाठी थांबत नाहीत. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. आत्मघाताचे बोलणे कानी आले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.