घूर्णीची माती

नवद्वीपहून होडीने मायापूरला जाताना भागीरथीला जलंगी मिळते. १४८६ मध्ये चैतन्य महाप्रभू जन्मले ती ही भूमी. यात्रेकरूंचे डोळे साहजिकच पैलतीरावरच्या मंदिराकडे लागलेले असतात. आम्ही मात्र जलंगीच्या वरच्या अंगाला, कृष्णनगरच्या घूर्णी वस्तीत गेलो.

येथील मृत्शिल्पी नदीच्या मातीतून वीतभर उंचीची माणसे घडवतात. शेतकरी, भिस्ती, कोळीण. मानेच्या शिरा आणि गुडघ्याच्या वाट्यांसकट. एकोणिसाव्या शतकात ही माणसे युरोपातल्या प्रदर्शनांपर्यंत पोहोचली. पुढे कलासमीक्षकांनी त्यांना 'नुसती नक्कल' म्हणून बाजूला सारले. बांकुड्याचा मातीचा घोडा तेवढी अस्सल लोककला! का, तर त्यात आकाराचे सुलभीकरण आहे आणि आधुनिक अभिरुचीला ते सोयीचे पडते, इतकेच.

हा निकष आम्हांस मान्य नाही. साहेबाने ही माणसे 'नेटिवांचे नमुने' म्हणून विकत घेतली हे खरेच; पण पखालीखाली वाकलेल्या भिस्त्याची कंबर टिपणारी नजर साहेबाची नव्हती, शेजाऱ्याची होती. शिवाय हेच हात दुर्गाही घडवतात. देवीसाठी परंपरेने ठरवून दिलेले रूप असते. कोळणीसाठी तसे काही नसते. तिला घाटावर जाऊन पाहावेच लागते.