मृत्यु ही शिक्षा आहे काय?

पाप म्हणजे देवाच्या कायद्याचा भंग आणि मृत्यु म्हणजे त्याबद्दलची शिक्षा, असें ख्रिस्ती मताचें समीकरण आमचे टीकाकार मांडतात. आणि खेदाची गोष्ट ही कीं, पुष्कळ ख्रिस्ती उपदेशकही तेंच मांडतात. एक त्यास हंसतो, दुसरा त्याची भीति घालतो. पण दोघांच्याही डोळ्यांपुढें देव म्हणजे फौजदारी न्यायाधीश! संत पौलाचें मत हें नव्हे, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा पांचवा अध्याय पाहावा. मोशेपूर्वीं नियमशास्त्र नव्हतें आणि नियमावांचून पापाची मोजदाद होत नाहीं, हें पौल स्वतः कबूल करितो. आणि तरीही आदामासारखी आज्ञा न मोडलेल्यांवरसुद्धां मृत्यूनें राज्य केलें, असें सांगतो. मृत्यु ही कायद्याची शिक्षा असेल, तर त्या असंख्य माणसांस ती कोणत्या कलमान्वयें झाली? त्याच अध्यायांत दंडाज्ञेचा शब्द येतो, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु तेथें सिंहासनावर बसलेला मृत्यु हा जुलमी राजा आहे, देवाचा बेलिफ नव्हे.

सहाव्या अध्यायांत मरणास पापाचें वेतन म्हटलें आहे, आणि त्याचा तर सर्रास विपर्यास होतो. मूळ ग्रीक शब्द शिपायाच्या पगाराचा आहे. पगार देतो कोण? ज्याची चाकरी केली तो धनी, म्हणजे पाप. देवाकडून येतें तें दान. सातव्या अध्यायांत नियमशास्त्र पवित्र ठरवून घाताचा आरोप पापावरच ठेविला आहे. वैद्यानें रोगाचें नांव सांगितलें म्हणून रोग त्यानें दिला, असें कोणी म्हणत नाहीं. फार तर, पथ्य सांगतांच कुपथ्याची वासना बळावते, एवढाच नियमाचा दोष. (‘नियमशास्त्र’ या आमच्या शब्दासही कचेरीचा वास येतो, हिब्रू ‘तोरा’ म्हणजे मुळांत शिकवण.)

मग ही कचेरी आली कोठून? बव्हंशीं लॅटिन भाषांतरांतून. पांचव्या अध्यायाच्या बाराव्या वचनांत ‘कारण सर्वांनीं पाप केलें’ अशा अर्थाचे ग्रीक शब्द आहेत. लॅटिनमध्यें ते ‘ज्याच्या ठायीं’ असे वाचले गेले. ग्रीक बेताचेंच जाणणाऱ्या ऑगस्टीननें (३५४–४३०) त्यावर भर देऊन, आदामाच्या ठायीं सर्वच अपराधी, असा सिद्धान्त उभारला. पूर्वेकडील ग्रीक चर्चनें वारशानें मरण येतें एवढेंच मानलें. अपराध येतो असें मानलें नाहीं. पश्चिमेस मात्र, आदाम पाप न करतांही मेला असता असें म्हणणारा ४१८ सालच्या कार्थेज परिषदेंत बहिष्कृत ठरला.

हा केवळ व्याकरणाचा वाद नव्हे. अपराध जन्मतःच असेल, तर बाप्तिस्म्यापूर्वीं मेलेल्या तान्ह्या मुलाचें काय? ऑगस्टीननें उत्तर दिलें: त्यासही दंड, मात्र सर्वांत सौम्य. पाळणा रिकामा झालेल्या आईस त्या सौम्यतेचें काय समाधान वाटावें! मध्ययुगीन पंडितांनीं त्या बालकांसाठीं वेदनारहित पण स्वर्गाबाहेरची जागा कल्पिली. पुढें २००७ सालीं रोमच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरशास्त्रीय आयोगानें जाहीर केलें कीं, अशीं मुलें तरतील अशी आशा बाळगण्यास सबळ कारणें आहेत. आशेस कारणें, निश्चय नाहीं.