‘शी’ या शब्दाचे दोन अर्थ

साहित्यचर्चेच्या या पानावर लहान मुलांच्या बद्धकोष्ठतेचा विषय काढला म्हणून काही वाचक नाक मुरडतील, याची आम्हांस कल्पना आहे. ते मुरडलेले नाक आमच्या विवेचनाचाच भाग असल्यामुळे तेथूनच आरंभ करतो.

मराठी मूल मलविसर्जनासाठी जो पहिला शब्द शिकते तो ‘शी’. त्याच घरात जमिनीवरचे काही उचलून तोंडात घातले की त्याला ऐकू येते तेही ‘शी!’. क्रियेचे नाव आणि किळसेचा उद्गार त्याच्या पदरी एकाच अक्षरातून पडतात. मोठेपणी भेटणारे शब्दही धड बोलत नाहीत. ‘मल’ म्हणजे मळ. ‘शौच’ म्हणजे मुळात शुद्धी, म्हणजे क्रिया टाळून नंतरच्या धुण्याला दिलेले नाव. ‘परसाकडे’ आणि ‘बहिर्दिशेस’ हे तर नुसते दिशानिर्देश. हल्लीच्या घरांत ‘पॉटी’ आली आहे. इंग्रजीत ते भांड्याचे नाव. दलित आत्मकथनांनी पांढरपेशा वाङ्मयाच्या सोवळेपणाला धक्का दिला, पण तो आमच्या बालवर्गापर्यंत पोचला नाही. आमचा आक्षेप सभ्यतेला नाही. ज्या गोष्टीचे नावच किळस शिकवते, तिच्याविषयीचे दुखणे तीन वर्षांच्या मुलाने कोणत्या शब्दांत सांगावे, एवढाच आमचा प्रश्न आहे. शब्द नसले की ते अंगाने बोलते, आणि ते बोलणे आपण बहुधा चुकीचे वाचतो.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत साडेतीन वर्षांच्या एका मुलाचे असे प्रकरण आम्ही जवळून पाहिले. तीन-तीन, चार-चार दिवस त्याला शी होत नसे. मधूनच तो पडद्याआड जाई, पायाला पाय आवळून चवड्यांवर उभा राही. चेहरा लाल, कपाळावर घाम. घरचे म्हणत, ‘बिचारा किती कुंथतो, पण होतच नाही.’ आजींनी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून पाहिला. आईने पपई आणि मनुकांचे पाणी सुरू केले. बाबा आधी समजावीत, मग रागावत. त्यांच्या लेखी हा हट्ट होता. अखेर बालरोगतज्ज्ञांनी सांगितले की मूल कुंथत नाही, ते धरून ठेवते आहे. कधीतरी कडक शी होताना फार दुखले होते. ते दुखणे पुन्हा नको, एवढाच त्याचा निश्चय होता.

या निश्चयापुढचे सारे शरीर आपल्या नियमाने करते. थांबलेल्या मलातले पाणी मोठे आतडे शोषत राहते. मल अधिक कडक आणि मोठा होतो. पुढच्या वेळी अधिक दुखते. मूल आणखी घट्ट आवळते. हळूहळू गुदाशय ताणला जातो आणि भरल्याची जाणीव बोथट होते. मग साठलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मल झिरपून चड्डी खराब होऊ लागते. त्याला घरी कोणी जुलाब समजते, शाळेत कोणी घाणेरडेपणा. मुलाला ते कळलेलेही नसते, आणि शिक्षा मात्र त्यालाच होते. मोठ्या मुलांत ही दुसरी चूक पहिलीहून क्रूर ठरते.

बद्धकोष्ठता असलेल्या शंभर मुलांपैकी नव्वदांहून अधिक मुलांत आतड्याचा कोणताही रोग नसतो. दुखणे बहुधा तीन वळणांवर सुरू होते: वरचे अन्न, शी-शूची सवय आणि शाळा. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला काही दिवस शी झाली नाही, पण झाली ती मऊ असली, तर ती बद्धकोष्ठता नव्हे. उलट जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांत काळी शी न होणे, पोट फुगणे, हिरवी उलटी, वजन न वाढणे ही लक्षणे असली तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

उपचारांतही आमची जुनी समजूत आडवी येते. ‘कोठा साफ’ झाला की काम संपले, असे आपण मानतो. रविवारच्या एरंडेलाची पिढी त्याच समजुतीत वाढली. साठलेला मल काढणे हा केवळ आरंभ असतो. त्यानंतर पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्युलोजसारखे, मलात पाणी धरून ठेवणारे औषध डॉक्टरांनी ठरविलेल्या प्रमाणात निदान दोन महिने द्यावे लागते. तक्रार मिटून महिना गेल्यावरच ते हळूहळू कमी करावयाचे, असे २०१४ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात म्हटले आहे. दुखण्याची आठवण पुसायला तेवढा काळ लागतोच. पालक मात्र ‘सवय लागेल’ या धास्तीने आठवड्यात बाटली बंद करतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. पाणी, भाज्या, फळे, बेताचे दूध हे आवश्यक आहेच, पण भीती पपईने जात नाही.

आणखी एक औषध वेळेचे आहे, आणि ठाणे ते कल्याण या पट्ट्यात तेच दुर्मीळ. पोटात अन्न गेले की मोठे आतडे हालचाल करू लागते. म्हणून जेवणानंतर पाच-दहा मिनिटे, पायांखाली पाट देऊन, मुलाला निवांत बसवावे आणि झाले नाही तरी बसल्याबद्दल कौतुक करावे. आमच्याकडे त्याच पाच-दहा मिनिटांत आई ७ वाजून काही मिनिटांची लोकल गाठत असते आणि मूल तोंडातला घास गिळत शाळेच्या गाडीत चढत असते. सकाळ गेली तर रात्रीचे जेवण उरते. तेथे तरी ही मिनिटे राखावीत.

उरलेला दिवस शाळेचा, म्हणजे आपल्यापैकी अनेकांचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांमुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे सक्तीची केली. पण तेथे जाण्याची परवानगी बाईंच्या आणि सरांच्या चेहऱ्यावर असते. ‘आत्ताच मधली सुट्टी झाली ना?’ हे आमचेही वाक्य आहे. वर्ग हसतो, मूल खाली बसते, आणि धरून ठेवायला शिकते. ते आम्हीच शिकवलेले असते.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस वैद्यक शिकण्यास निघाल्या, तेव्हा त्यांचे म्हणणे होते की हिंदू स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची गरज आहे. लाजेपायी न सांगितलेले दुखणे कोणालाच बरे करता येत नाही, हे त्यामागे होते. सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच परिसरात, २०१७ साली साहित्य संमेलन भरविणाऱ्या डोंबिवलीत, एक मूल पडद्याआड उभे होते. त्याला बरे व्हायला चार महिने लागले. त्या काळात घरच्यांनी ठरवून एक केले: त्याच्या शीला ‘शी!’ म्हणणे सोडले. आम्ही वर्गात ‘जाऊ का?’ या प्रश्नाला ‘जा’ एवढेच उत्तर देऊ लागलो आहोत.