चार्जर कुणाचा? ज्याची ओळख त्याचा!

इलेक्ट्रिक गाड्या हा आपल्या कॅन्टीनचा आवडता विषय. बॅटरी कोणती चांगली, रेंज खरी किती, पेट्रोलचे किती पैसे वाचतात, यावर चहाचे कपच्या कप रिकामे होतात. पण एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. चार्जरसमोर आधीच कुणी गाडी लावून खरेदीला निघून गेलं असेल, तर काय करायचं?

उत्तर हवं असेल तर गुलमंडीत जा!

शनिवारी संध्याकाळी पैठण गेटकडून टिळक पथाने गुलमंडीत यायचं म्हणजे काय, हे हॉस्टेलवरच्या कुणाला सांगायला नको. दोन्ही बाजूंना टू-व्हीलर, मध्ये हातगाडी आणि त्यातच एखादी कार वळायला बघतेय. दुकानासमोरची जागा कायद्याने रस्ता असते, व्यवहारात ती दुकानदाराची असते. तिथे स्टूल असतं, दगड असतो, नाहीतर "येथे गाडी लावू नये" अशी पाटी. आणि तरी तिथे गाडी लागतेच. कुणाची? "काका, पाच मिनिटं हं!" असं म्हणू शकणाऱ्याची. म्हणजे नियम आहे, फक्त तो लिहिलेला नाही. ओळख असेल तर जागा आहे. मला दुकानदाराचा राग येत नाही. दिवाळीच्या आठवड्यात त्याच्या गिऱ्हाइकाला चालायलासुद्धा जागा नसते. शिवाय रस्त्यावर हे खपून जातं, कारण इथे जागा नाही मिळाली तर माणूस पुढे जाऊन गाडी लावतो. बॅटरी संपत आलेल्या गाडीला पुढे जाता येत नाही, हा फरक आहे.

आपलं शहर एकदम मोठी खरेदी करण्यात पटाईत. २०१० मध्ये इथल्या मंडळींनी १५० मर्सिडीज एकगठ्ठा घेतल्या आणि देशभर बातमी झाली. २०२२ मध्ये उद्योजकांनी 'औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी' या नावाने इलेक्ट्रिक गाड्याही तशाच एकत्र घेण्याची मोहीम काढली. सरकारही मागे नाही. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शहरात दर ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरच्या चौकोनात एक आणि हायवेवर दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलं होतं. राज्याच्या २०२५ च्या धोरणातही हायवेसाठी २५ किलोमीटरचाच आकडा आहे. छान. पण हे सगळे आकडे अंतराचे! एका गाडीने तिथे किती वेळ उभं राहायचं, याबद्दल काय? माझ्या मते खरं भांडण तिथेच होणार आहे.

जरा गणित करू, शेवटी आपण इंजिनिअर. ३० किलोवॅट-अवरची बॅटरी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची म्हणजे २१ युनिट. ३० किलोवॅटच्या डीसी फास्ट चार्जरवर कागदावर ४२ मिनिटं, प्रत्यक्षात थोडी जास्त. ३.३ किलोवॅटच्या एसी पॉइंटवर तेच काम साडेसहा तासांच्या आसपास. म्हणजे दोन्हीला एकच शिष्टाचार लावून चालणार नाही. स्लो पॉइंटवर गाडी लावून सिनेमा बघून या, बिघडत नाही. फास्ट चार्जरवर मात्र ८० टक्क्यांनंतर करंट उतरत जातो, कारण भरत आलेल्या सेलमध्ये तेवढा करंट ढकलणं बरं नसतं. तुमचे शेवटचे २० टक्के मागच्या माणसाला फार महाग पडतात. म्हणून मागे कुणी थांबलं असेल तर ८० ला गाडी काढावी, हा शिष्टाचार निव्वळ चांगुलपणाचा नाही, तो फिजिक्समधून आलाय.

हॉस्टेलवर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आठ मोबाईल लागतात तेव्हा काय होतं आठवा. ज्याचा फोन फुल झाला त्याचा प्लग आपण खुशाल काढतो आणि आपला लावतो. गाडीचं तसं होत नाही. सीसीएस-टू चा प्लग चार्जिंग चालू असताना लॉक असतो आणि तो गाडीवालाच सोडवू शकतो. आणि ज्या गाडीने प्लग लावलेलाच नाही, म्हणजे सरळ पेट्रोलची गाडी तिथे उभी आहे, तिचं तर काहीच करता येत नाही.

काही जण म्हणतील, आपल्या लोकांना शिस्तच नाही. मला हे पटत नाही. पाण्याच्या टँकरपुढे याच शहरातली माणसं हंड्यांची रांग लावतात. मालक बाजूच्या सावलीत बसला तरी हंड्याचा नंबर कुणी खात नाही, कारण नियम सगळ्यांना माहीत असतो आणि सगळ्यांचा डोळा असतो. चार्जरपुढे असा नियमच नाही. मग "ओळखीचा आहे" हाच नियम उरतो, आणि वॉचमनने तरी कुणाचं ऐकायचं?

यात मार कुणाला बसतो? कारवाल्याला नाही. त्याच्या घरी पार्किंग आहे, रात्री तो घरीच चार्ज करतो. मार बसतो ई-रिक्षावाल्याला. २०२४ मध्ये राज्याने महिलांसाठी पिंक ई-रिक्षा योजना आणली. अशी एखादी ताई दुपारी बॅटरी अर्ध्यावर आली म्हणून पॉइंटवर आली आणि तिथे फुल झालेली कार उभी दिसली, तर तिची संध्याकाळची भाडी गेली. तिची त्या दुकानदाराशी ओळख नाही, मालक कुठल्या दुकानात आहे तेही माहीत नाही. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सकाळी ९ ते दुपारी ४ ची वीज स्वस्त ठेवायला सांगितलंय. नेमका तेव्हाच पॉइंट अडलेला असेल तर त्या स्वस्ताईचा तिला काय उपयोग?

जगात यावर उपाय निघालेत. टेस्लाने डिसेंबर २०१६ पासून, चार्जिंग संपल्यावरही गाडी न हलवणाऱ्याला मिनिटाप्रमाणे पैसे लावले. कॅलिफोर्नियात चार्जिंगच्या जागेत प्लग न लावता गाडी उभी करणं हाच गुन्हा. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ खाली पार्किंगच्या जागा ठरवून देता येतात. मग पैठण गेट किंवा गुलमंडीजवळ चार्जर बसवताना ती जागा रीतसर 'फक्त चार्जिंगसाठी' का जाहीर करू नये? फास्ट चार्जरला एक तास, नंतर दहा मिनिटांची सूट, मग मिनिटावर पैसे. आणि त्याच्याच बाजूला रिक्षा-स्कूटरसाठी साध्या १६ अँपियरच्या सॉकेटची वेगळी ओळ, जिथे कारला मनाई. हे सगळं मराठी पाटीवर, मोठ्या अक्षरात, फोन नंबरसकट. पैसे यूपीआयने जावेत. प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, वेगळं वॉलेट आणि त्यात अडकलेले शंभर-दीडशे रुपये, हा तर ज्याला ते परवडतं त्यालाच आत घेण्याचा प्रकार झाला! गाडीवाल्यानेही काचेमागे आपला नंबर ठेवावा, यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि हो, आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये कधी ना कधी पॉइंट बसेलच. सर आणि मॅडम रागावणार नसतील तर आत्ताच सांगून ठेवते, त्यावर 'फक्त स्टाफसाठी' अशी पाटी नको. तिथेही तासाचाच नियम लावा, प्रिन्सिपल सरांच्या गाडीलासुद्धा.