एका फोटोसाठी सगळी गॅलरी कशाला?

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात वाटले गेले. चेहरा, बोटांचे ठसे आणि बुबुळे देऊन ओळख पटवण्याचा तो व्यवहार आता मोबाइलवर आला आहे. अंगणवाडीतला घरपोच आहार घेताना आईचा चेहरा पोषण ट्रॅकर ॲपवर पडताळतात. कर्जाचे, योजनांचे अर्जही फोनवरूनच भरले जातात. एखादे ॲप फोटो-व्हिडिओ पाहण्याची परवानगी मागते, काम अडू नये म्हणून बोट टेकवले जाते आणि एका पासपोर्ट फोटोपायी सगळी गॅलरी उघडी पडते. तिच्यात पासबुक असते, जातीचा दाखला असतो, दवाखान्याचा रिपोर्ट आणि न्हाऊ घातलेले उघडे बाळही असते. घरात फोन एकच असेल, तर हे सगळे अख्ख्या कुटुंबाचे असते. अशा परवानगीला संमती म्हणता येणार नाही. म्हणून गरज नसताना गॅलरी मागण्यावरच बंदी हवी.

गॅलरी उघडी पडण्याची भीती हा मनाचा खेळ नव्हे. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपच्या वसुलीवाल्यांनी कर्जदारांच्या फोटोंत अश्लील फेरफार करून ते नातेवाइकांना पाठवल्याचे गुन्हे देशभर नोंदवले गेले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा ॲपना फाइल, फोटो, संपर्कयादी आणि कॉलच्या नोंदींपासून दूर राहायला सांगितले. ओळख पटवण्यासाठी कॅमेरा वापरायचा तर एकदाच, तोही स्पष्ट संमतीने. पुढच्याच वर्षी गूगलनेही प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या ॲपना फोटो मागायला मनाई केली. ग्राहक सावध होईल याची वाट न पाहता मागणाऱ्याचेच हात बांधले गेले.

लोक स्वतःहून परवानगी देतात, मग तक्रार कसली, असे विचारले जाते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती मुक्त आणि माहितीपूर्ण असावी म्हणतो आणि सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याची सोय देतो. त्या यादीत भिली नाही, पावरीही नाही. नंदुरबारमधल्याच धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर त्या ‘माहितीपूर्ण’ शब्दाला मग कितीसा अर्थ उरतो? दुसरा आक्षेप असा, की बोगस लाभार्थी रोखायला पडताळणी हवीच, आणि तो रास्त आहे. पण चेहरा पडताळायला समोरचा कॅमेरा पुरतो, जुने फोटो लागत नाहीत. कागद जोडायचा असेल तर तेवढाच फोटो निवडून देण्याची सोय आयफोनमध्ये २०२० पासून आहे, नव्या अँड्रॉइडमध्येही आहे. सगळी गॅलरी मागणे ही तंत्राची अडचण नसून बनवणाऱ्याची बेपर्वाई आहे.

आधारविरोधी याचिकेतूनच सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या हक्काची राखण एकट्या वापरणाऱ्याच्या बोटावर सोपवता येणार नाही. कर्जाच्या ॲपना लागू असलेला नियम सर्वच ॲपना लावावा आणि त्याची सुरुवात राज्य सरकारने स्वतःच्या ॲपपासून करावी.