मुलांची स्थूलता व आपलें कर्तव्य

मूल गुटगुटीत दिसलें कीं आपल्याकडे त्याचें कौतुक होतें. "खात्यापित्या घरचें लेंकरूं आहे," असें म्हणून आजीबाई त्याच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटें मोडितात. या कौतुकाला कारणही होतें. ज्या पिढ्यांनीं दुष्काळ पाहिले व साथींत लेंकरें गमावलीं, त्यांना अंगावरचें मांस म्हणजे अडीअडचणीची ठेव वाटे. पण काळ पालटला, आणि ती ठेव आतां कित्येक घरांत कर्जासारखी वाढूं लागली आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहें. व नुसतें वाचून न थांबतां आपण सर्वांनीं मिळून कांहीं कार्य आरंभावें, अशी माझी विनंति आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं जगांतील ५ ते १९ वर्षें वयाचीं ३९ कोटींहून अधिक मुलें प्रमाणाबाहेर वजनाचीं होतीं. त्यांपैकीं सुमारे १६ कोटी मुलें स्थूल या वर्गांत मोडत होतीं. आपल्या देशांत याच वयाचीं स्थूल मुलें १९९० सालीं सुमारे ४ लाख होतीं; तीं २०२२ सालीं सव्वा कोटींच्या घरांत गेलीं, असें २०२४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या गणनेवरून दिसतें. बालपणीं फाजील वाढलेलें वजन पुष्कळांच्या अंगीं मोठेपणींही टिकतें, आणि मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांना वाट मोकळी होते.

"आमचा मुलगा तर काटकुळा आहे, आम्हांला याची काय चिंता?" असें कोणी म्हणेल. त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. १९९३ सालीं पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं एक अभ्यास आरंभिला. त्यांत असें आढळलें कीं, तेथील नवजात बालकें इंग्लंडांतील बालकांपेक्षां वजनानें पुष्कळ हलकीं असूनही त्यांच्या अंगचा मेद त्या मानानें उणा नव्हता. उणीव होती ती स्नायूंत. तात्पर्य, केवळ पान भरून वाढल्यानें मुलाला बळ येत नाहीं. तें चौरस आहारानें व धांवण्याखेळण्यानें येतें.

आतां दोष कोणाचा? मुलांचा खास नव्हे. ज्या अंगणांत आम्हीं विटीदांडू खेळलों तेथें आज मोटारी उभ्या असतात. रस्ता ओलांडणें धोक्याचें, म्हणून मूल दारांतून गाडींत व गाडींतून वर्गांत जातें. सायंकाळ शिकवणीच्या वर्गांत व रात्र मोबाईलपुढें जाते. तहान लागली तर रंगीत पेय हजर. त्याच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलींत बहुधा ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारें सात चमचे साखर असते. घरच्या चहांत कोणी सात चमचे साखर घातली तर आपण तो ओतून देऊं!

या दोषांत माझाही वांटा आहे, तो लपविणें शिक्षकास शोभणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. अक्षर मोत्यासारखें, स्वभाव मनमिळाऊ. परंतु देह जड. कवाईतीच्या तासाला सोबती त्याला एका खाद्यपदार्थाच्या नांवानें हाक मारून हंसत. मीं तें ऐकिलें, आणि मुलांची थट्टा समजून सोडून दिलें. पुढें दर कवाईतीच्या दिवशीं त्याचें पोट दुखूं लागलें व तो वर्गांत एकटाच बसून राहूं लागला. तेथें तो माझीं उदाहरणें बिनचूक सोडवी, आणि मी शाबासकी म्हणून त्याच्या हातावर चॉकलेट ठेवीत असें. ज्याला धांवावयास सोबत हवी होती, त्याला आम्हीं हंसून मैदानावरून घालविलें, आणि वर साखर दिली. तो शाळा सोडून गेल्यावर मला हें उमगलें.

म्हणूनच हें काम एकेका घरावर सोंपवून भागणार नाहीं. एकटी आई मुलासाठीं मैदान मिळवूं शकत नाहीं, कीं रस्ता निर्भय करूं शकत नाहीं. २०२० सालच्या सरकारी नियमांनीं फार तेलकट, गोड व खारट पदार्थ शाळेच्या आवारांत व फाटकापासून ५० मीटरांच्या आंत मुलांस विकण्यास मनाई केली आहे. पण एक्कावन्नाव्या मीटरावर कायदा उभा नसतो. तेथें आपणच उभें राहिलें पाहिजे. याकरितां पालक, शिक्षक, माजी विद्यार्थी व वरच्या वर्गांतील मुलेंमुली यांचें एक आरोग्य-सेवामंडळ स्थापावें, असें मी सुचवितों.

या मंडळानें चार कामें हातीं घ्यावीं. पहिलें, शाळा सुटल्यावर एक तास मैदान खुलें ठेवावें व रोज दोन पालकांनीं पाळीपाळीनें तेथें उपस्थित राहावें. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटें तरी दमछाक करणारी हालचाल हवी, असें तज्ज्ञ सांगतात. लगोरी, लंगडी, खोखो, आट्यापाट्या यांना खर्च तो काय! दुसरें, एकेका आळींतील मुलांनीं टोळीनें चालत शाळेस यावें. पुढें एक वडील माणूस व मागें एक. तिसरें, डब्याचा विचार. भाकरी, उसळ, थालीपीठ, शेंगदाणे, ऋतूचें फळ व तहानेला पाणी, यांचा मान पुन्हा वाढवावा. वाढदिवसाला चॉकलेटांऐवजीं वर्गास एखादें पुस्तक द्यावें. चौथें, डॉक्टरांकडून वर्षांतून दोनदां उंची व वजन तपासून घ्यावें. मात्र तो आंकडा पालकांवांचून कोणासही कळूं नये. मुलाला उपाशी ठेवण्याचा अगर चिडविण्याचा प्रकार मंडळानें मुळींच खपवून घेऊं नये.

हें अशक्य नाहीं. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथें सेंट निनियन्स या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका इलेन वायली यांनीं २०१२ सालीं मुलांना दररोज पंधरा मिनिटें धांवावयास नेण्याची रीत पाडली. पोषाख बदलावयाचा नाहीं, शर्यत नाहीं, पहिला नाहीं कीं शेवटचा नाहीं. ती साधी रीत पुढें अनेक देशांतील शाळांनीं उचलली.

कोणी म्हणतील, अभ्यास बुडेल. बुडणार नाहीं, ज्याचें शरीर तरतरीत त्याचें मनही धड्यावर टिकतें, हा आम्हां शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे. दुसरे म्हणतील, ज्या देशांत भुकेलीं मुलें आहेत तेथें स्थूलतेची काळजी ही श्रीमंती चैन नव्हे काय? हा आक्षेप मोलाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पांच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकें खुरटलेलीं आढळलीं, हें लाजिरवाणें सत्य आहे. परंतु सकस घांस व मोकळें मैदान या दोन्हींची गरज कृश मुलालाही तितकीच आहे. एकाच मैदानावर दोघेही खेळोत, व ज्याच्या डब्यांत अधिक आहे त्यानें शेजाऱ्याला उसळ द्यावी. मग ही सेवा एका वर्गाची न राहतां सर्वांची होईल.

विद्यार्थिमित्रांनो, पहिली सेवा तुमच्याच हातीं आहे. उद्यां खेळावयास जातांना जो मागें राहतो त्याचें खरें नांव घेऊन त्याला हाक मारा, आणि त्याच्या पावलानें चाला. आणि पालकहो, आठवड्यांतला एक तास आम्हांला द्या. मैदानाच्या फाटकापाशीं मी तुमची वाट पाहीन.